बालाघाटावरील ओसाड परसबागांचा जीर्णोद्धार

जिच्या पश्चिम उतारावर पडलेले पाणी सीना व बोरी यांच्या वाटेने भीमेस आणि पूर्वेकडे वाहिलेले पाणी तेरणा व मांजरा यांच्या वाटेने गोदावरीस जाऊन मिळते, त्या बालाघाटाच्या रांगेच्या माथ्यावर व तिच्या दोन्ही कुशींत धाराशिव जिल्हा वसला आहे. आणि ज्या कोणास या जिल्ह्यातील एखादे उजाड झालेले आवार पुन्हा हिरवे करावयाचे असेल त्याने ही साधी भौगोलिक गोष्ट आरंभीच ध्यानी घ्यावी, कारण जेथे पाणी निरनिराळ्या दिशांना धाव घेते तेथे माती एका जातीची राहत नाही. माथ्यावर आणि उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, नदीखोऱ्यांत पुरुषभर खोल काळी जमीन सापडते, आणि कित्येकदा एकाच आवारात घरापुढे एक व घरामागे दुसरी अशा दोन जमिनी नांदत असतात. शेजाऱ्याच्या परसात फोफावलेला पेरू आपल्या परसात का सुकतो, या प्रश्नाचे उत्तर रोपवाटिकेत शोधण्यापूर्वी आपल्या पायांखाली शोधावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

ओसाड आवारे या जिल्ह्यात अनेक प्रकारची आहेत. परंडा, नळदुर्ग, तुळजापूर अशा जुन्या गावांतील ज्या वाड्यांचे धनी चरितार्थासाठी पुण्या-सोलापुराकडे निघून गेले त्या वाड्यांची मागील परसे हा एक प्रकार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी हलविण्यात आली. त्यांपैकी लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावांत घरांभोवती सुटलेल्या, परंतु पुढे कोणाच्या हातून फारशा न सजलेल्या मोकळ्या जागा हा दुसरा. शहरांभोवती बिनशेती करून वर्षानुवर्षे पडून राहिलेले प्लॉट हा तिसरा. या सर्वांचे धनी, उत्साहाच्या पहिल्या भरात, बहुधा एकच गोष्ट करतात : यंत्र लावून सारे आवार खरवडून घेतात, वरची जी काही थोडी जिवंत माती असेल ती झुडपांसह हद्दीवर ढीग करून टाकतात, आणि उघड्या पडलेल्या मुरमात किंवा दगडविटांच्या राबिटात शहरातून आणलेली शोभेची रोपे लावतात. पहिला पावसाळा ती रोपे तग धरतात. दुसऱ्या चैत्र-वैशाखात बहुतेक वाळून जातात, आणि मग दोष पाण्याच्या टंचाईस, रोपे विकणाऱ्यास किंवा नशिबास दिला जातो.

म्हणून पहिली विनंती अशी की शक्य असल्यास एक संपूर्ण पावसाळा त्या आवाराचे केवळ निरीक्षण करावे. पाणी कोठून आत येते, कोठे साचते, किती दिवसांनी ओसरते, कोणत्या कोपऱ्यात गवत उंच वाढते व कोठे काहीच उगवत नाही, याची नोंद एखाद्या वहीत ठेवली तर पुढील कित्येक वर्षांची मशक्कत आणि खर्च वाचतो. इतकी सबुरी ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान वैशाखात दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब, रुंद व खोल खड्डे खणून ते पाण्याने भरावेत. ते पाणी जिरल्यावर खड्डा पुन्हा भरावा, आणि हे दुसरे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. तासाभरात नाहीसे झाले तर खाली मुरूम आहे. दुसऱ्या दिवशीही तळाशी राहिले तर जमीन भारी आहे, किंवा तिच्यात चोपणाचा दोष आहे. त्याच खड्ड्यातील वाळलेल्या ढेकळावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावेत. फेस आला तर मातीत चुनखडी आहे असे समजावे; या जिल्ह्यात तो बहुधा येतोच.

जुन्या वाड्यांच्या परसांत मात्र या दोन जमिनींहून वेगळी अशी तिसरी माती असते, तिला लोक पांढरी म्हणतात, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण बागकामाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा आढळत नाही. मराठवाड्यातील माळवदी घरांच्या छपरांवर जी माती जाड थराने पसरीत, ती मुद्दाम खारी किंवा चोपण जातीची निवडलेली असे. पाणी तिच्यातून सहजी झिरपत नाही आणि तिच्यावर गवत उगवत नाही, हाच तिचा गुण मानला जाई. घर पडले म्हणजे हीच माती भिंतींच्या मातीसह आणि जुन्या चुन्यासह परसात येऊन पडते, आणि छपरावर जो गुण होता तो वाफ्यात दोष होऊन बसतो. ज्या परसाच्या एका भागात काही केल्या काही उगवत नाही, पाऊस पडला की निसरडा चिखल होतो आणि वाळल्यावर पृष्ठभाग टणक होऊन त्यावर पांढुरका थर दिसतो, तेथे माळवद कोसळल्याचा इतिहास आहे काय याची चौकशी घरातील वडीलधाऱ्यांकडे करावी. असल्यास त्या मातीवर शेणखताचे ढीग ओतण्यापेक्षा ती सरळ उचलून वाटेखाली किंवा ओट्याच्या भरावात वापरावी. उलट, चुलीची राख, गुरांच्या गोठ्याचा केरकचरा आणि शेण पिढ्यानपिढ्या जेथे पडत आले, ती उकिरड्याजवळची पांढरी मऊ आणि पोसलेली असते. भाजीपाल्यास तिच्याइतकी चांगली जागा साऱ्या आवारात दुसरी नसेल.

येथे एक अवांतर, परंतु महत्त्वाची सूचना. तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगराच्या जागेवर, आणि जिल्ह्यातील इतर जुन्या गढ्यांच्या आसपास परस खणताना मणी, नाणी, मातीच्या मूर्ती सापडणे अगदी संभवनीय आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेला असाच संग्रह आज तेथील पुराणवस्तु संग्रहालयात पाहावयास मिळतो. असे काही लागल्यास खणणे थांबवावे आणि तहसील कार्यालयास कळवावे. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, त्या वस्तूचे खरे मोल ती कोठे व किती खोलीवर होती या माहितीत असते, जी एकदा कुदळीने विस्कटली की कोणासही पुन्हा जुळविता येत नाही.

जमिनीची जात कळली म्हणजे झाडे लावण्याची रीत आपोआप ठरते, आणि येथेच सर्वाधिक चूक होते, कारण खड्डा खणून झाड लावणे ही एकच रीत सर्वत्र शिकविली जाते. मुरमाड जमिनीत ती योग्यच आहे : उन्हाळ्यात तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते रोहिणी नक्षत्रापर्यंत उन्हात तापू द्यावेत, नंतर चांगली पोयटा माती, दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने जमिनीपेक्षा थोडे वर येईपर्यंत भरून ठेवावेत, म्हणजे पहिल्या पावसांनी भर दबून समपातळीस येते. पाझर तलावातून काढलेला गाळ अशा जमिनीस अमृतासमान आहे, कारण मुरमात जी चिकणमाती नसते तीच गाळात असते. हाच गाळ भारी काळ्या जमिनीत टाकणे मात्र व्यर्थ होय. भारी काळ्या जमिनीत खोल खड्डा हा पावसाळ्यात पाण्याची कुंडी होतो. भोवतालची घट्ट माती पाणी सोडीत नाही, आणि सप्टेंबरात, जेव्हा या भागात पावसाचा जोर पुष्कळदा अधिक असतो, तेव्हा लिंबू, मोसंबी, पपई, शेवगा यांची मुळे त्या कुंडीत गुदमरून कुजतात. अशा जमिनीत झाड खड्ड्यात न लावता दीड-दोन फूट उंच व चार-पाच फूट रुंद वरंब्यावर लावावे, आणि दोन वरंब्यांमधून उताराच्या दिशेने पाण्यास वाट करून द्यावी.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव असा की ती भिजली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यातील या भेगा कोवळी मुळे तोडतात आणि खालचा ओलावा उडवून देतात. त्यांवर उपाय पाण्याच्या आधी खुरप्याचा आहे : पाऊस संपताच वरची दोन-तीन बोटे माती हलवून मोकळी ठेवली, आणि तीवर सोयाबीनचे काड, तुरीची गुळी, उसाचे पाचट किंवा ज्वारीचे सरमड यांचा वीतभर थर दिला, तर भेगा पुष्कळशा पडतच नाहीत. सोयाबीनच्या मळणीनंतर ज्या गोष्टीची विल्हेवाट हा शेतकऱ्यांपुढे प्रश्न असतो, तीच परसबागेची सर्वांत स्वस्त दौलत आहे. आच्छादन बुंध्यास भिडवू नये, एवढीच दक्षता घ्यावी. वाळवीस अशी जागा फार आवडते. आणि फुगणाऱ्या-आकसणाऱ्या या जमिनीत वड, पिंपळ, उंबर यांसारखी झाडे घराच्या पायापासून दूर ठेवावीत.

आता चुनखडीकडे वळू. जास्वंद, मोगरा, गुलाब, पेरू, लिंबू यांची शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, या तक्रारीवर सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणजे अधिक खत घाला. आणि तो या जिल्ह्यात बहुधा निष्फळ ठरतो. नत्राची उणीव असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. शेंड्याचा पिवळेपणा, ज्यास शेतकरी केवडा पडला असे म्हणतात, तो लोहाच्या उणिवेचा होय. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत लोह मुबलक असते; पण चुनखडीमुळे मातीचा सामू आठाच्या वर गेला म्हणजे ते मुळांना घेता येईल अशा स्वरूपात राहत नाही, आणि त्यात जमीन पाण्याने तुंबलेली असेल किंवा कूपनलिकेचे जड पाणी रोज घातले जात असेल तर हा अडथळा वाढतो. तात्काळ इलाज म्हणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व अडीच ग्रॅम चुना विरघळवून, फडक्यातून गाळून, सायंकाळी कोवळ्या पानांवर फवारावे, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. हिराकस मातीत नुसते टाकणे म्हणजे ते चुन्याच्या स्वाधीन करणे होय. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून, आठ-दहा दिवस ओलसर मुरवून मग आळ्यात घालावे.

परंतु दर पंधरवड्यास फवारणी करून जगवावे लागणारे झाड हा बागेचा भाग होत नाही, तो एक कायमचा रुग्ण होतो. म्हणून चुनखडीच्या जागी पहिला विचार तीस सोसणाऱ्या झाडांचा करावा. सीताफळ, बोर, चिंच, कवठ, आवळा, बेल ही फळझाडे. कडुलिंब आणि बहावा सावलीसाठी. फुलांत बोगनवेल, कण्हेर आणि पारिजातक. यांतील पुष्कळशी झाडे बालाघाटाच्या डोंगरउतारांवर आपोआप वाढतात, म्हणूनच लोक त्यांना बागेत जागा देण्यास संकोचतात. तो संकोच सोडावा. सीताफळाच्या सुधारित जातींसाठी लांब जाण्याचे कारण नाही, शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे सीताफळाचे संशोधन केंद्रच आहे. मोगरा आणि गुलाब ज्यांना हवेतच त्यांनी ते मोठ्या कुंड्यांत, निवडलेल्या मातीत व पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर वाढवावेत.

पाण्याचे दुखणे प्रमाणाइतकेच प्रतीचेही आहे. कूपनलिका जितकी खोल जाते तितके पाणी मचूळ लागण्याचा संभव वाढतो. अशा पाण्यावर वाढणाऱ्या झाडांच्या पानांच्या कडा करपतात आणि आळ्याच्या काठावर खार फुलतो. रोज थोडेथोडे शिंपडणे ही अशा पाण्याची सर्वांत वाईट वापरणूक होय, कारण पाणी उडून जाते व क्षार वरच्या थरात राहतात. आठवड्यातून एकदा, पण मुळांच्या खोलीपर्यंत भिजेल इतके द्यावे, आणि पावसाळ्यात आळी फोडून ठेवावीत म्हणजे वर्षाचा खार धुऊन जाईल. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी होते. गळती-उडती वजा जाता त्यातले पन्नास हजार लिटर जरी वाड्याच्या जुन्या आडात किंवा कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात गाळून सोडले, तरी दोन-तीन पावसाळ्यांत पाण्याची चव बदलल्याचा अनुभव येऊ शकतो. आड मात्र आधी स्वच्छ करून, कठडा बांधून, जाळीने झाकून घ्यावा. गवतात लपलेला उघडा आड हा ओसाड आवारातील सर्वांत मोठा धोका आहे. न्हाणीचे पाणी केळ, अळू, कर्दळ यांना देण्याची जुनी रीत उत्तम आहे; कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र न्हाणीच्या पाण्यात मिसळू देऊ नये, त्यातील सोडियमने चांगली माती चोपण होत जाते.

नव्या रोपांसाठी मडक्याचे सिंचन आजही उपयुक्त आहे. आठ-दहा लिटरचे झिलई नसलेले साधे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून, भरून, तोंडावर पालथी पणती किंवा फरशी ठेवली म्हणजे पाणी झिरपत राहते व दर चार-पाच दिवसांनी भरणे पुरते. ज्या जिल्ह्यात संत गोरा कुंभारांचे तेर आहे त्या जिल्ह्यात चांगले मडके मिळण्याची अडचण पडू नये. वर्षा-दोन वर्षांनी क्षारांमुळे त्याची छिद्रे बुजतात. तेव्हा ते बदलावे.

तणांच्या बाबतीत एकेकाचा स्वभाव ओळखूनच बंदोबस्त करावा. गाजरगवत, ज्याची या देशात विसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात प्रथम दखल घेतली गेली, ते बियांवर जगणारे तण आहे. फुलावर येण्यापूर्वी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटले आणि असे लागोपाठ तीन-चार हंगाम केले, तर ते हटते. हातमोजे आणि नाकाला फडके यांशिवाय ते उपटू नये, कित्येकांना त्याने त्वचेचे व श्वासाचे विकार जडतात. फुले येण्याआधीचे उपटलेले गवत खड्ड्यात कुजवून खत होते. फुलावर आलेले कदापि तेथे टाकू नये. पावसाळ्यात त्याची पाने कुरतडणारे पट्टेरी मेक्सिकन भुंगे दिसले तर ते मित्र आहेत, त्यांच्यावर औषध मारू नये. रिकाम्या जागी पावसाआधी टाकळ्याचे बी फोकून ठेवले तर तो गाजरगवताची जागा घेतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते.

हरळी, लव्हाळा व कुंदा ही तणे जमिनीखालच्या कांड्यांवर व गाठींवर जगतात, म्हणून त्यांना वरून कापणे म्हणजे छाटणी करून त्यांचीच निगा राखणे होय. भारी जमिनीतील कुंद्याच्या काशा दोन-दोन फूट खोल जातात. या तिघांचा काळ एकच, तो म्हणजे वैशाख : जमीन पहारीने खोल उलथून ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत, काशा हाताने वेचून दगडावर वाळत घालाव्यात, आणि मृगानंतर त्या जागी दाट ताग किंवा धैंचा पेरून तो फुलावर येताच, म्हणजे दीड महिन्याच्या सुमारास, जमिनीत गाडावा. सावलीत लव्हाळ्याची शक्ती खचते. वेड्या बाभळीचे प्रकरण निराळे आहे. ती जमिनीलगत तोडली तर एकाच्या जागी दहा फांद्या फुटतात. तिचा बुंधा वीत-दीड वीत माती उकरून, मुळाच्या मानेखाली तोडावा लागतो. तिच्या गोड शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि बी न पचता लेंड्यांतून बाहेर पडते, सबब ताजे लेंडीखत बागेत टाकणे म्हणजे वेड्या बाभळीची पेरणी करणे होय. लेंडीखत चार-सहा महिने ढिगात, ओलसर व झाकून कुजवल्याशिवाय वापरू नये.

शेळीचा विषय निघालाच आहे, तर तिच्यापासून संरक्षणाचीही तजवीज सांगतो. काळीभोर, उंच पायांची, जुळ्या करडांसाठी नावाजलेली उस्मानाबादी शेळी हे या जिल्ह्याचे भूषण आहे, गरिबाघरची ती चालती पेढी आहे, आणि मागच्या दोन पायांवर उभी राहून ती पुरुषभर उंचीची पाने सहज ओरबाडते. तिच्याशी वैर धरण्यात अर्थ नाही. तारेच्या कुंपणातील खालच्या दोन तारांमधील अंतर वीतभराहून अधिक नसावे, आणि तारेच्या आतून तिला नकोशा झाडांची दाट रांग असावी : अडुळसा, निर्गुडी व शेर यांना ती सहसा तोंड लावीत नाही. कण्हेरही ती टाळते. पण कण्हेर विषारी असल्याने तिच्या छाटलेल्या फांद्या बाहेर रस्त्यावर टाकू नयेत, भुकेले जनावर सुकलेला पाला खाऊन मरू शकते. ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांनी सागरगोटा किंवा करवंद लावावे. चार-पाच वर्षांत त्यांचे अभेद्य काटेरी कुंपण होते.

जुनी झाडे ही ओसाड आवाराची खरी मालमत्ता. फळ येत नाही म्हणून पन्नास वर्षांचा आंबा तोडण्यापूर्वी त्याची तपासणी करावी. शहराच्या हद्दीत तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडताच येत नाही. प्रथम फांद्यांवर बांडगूळ आहे काय ते पाहावे. असल्यास त्याची चिकटण्याची जागा ओलांडून हातभर मागून ती फांदी कापावी, आणि हे काम बांडगुळाची फळे पिकण्याआधी करावे, कारण पक्षी त्याचे चिकट बी दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतात. खोडातून भुसा बाहेर येत असेल तर आत भिरूड आहे. छिद्रात तार घालून अळी मारावी, रॉकेलात भिजविलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि छिद्र ओल्या मातीने लिंपावे. मग पाऊस ओसरल्यावर वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व मध्यभागी गर्दी करणाऱ्या फांद्या काढून आत ऊन जाऊ द्यावे. सारी छाटणी एकाच वर्षी करू नये. आजवर सावलीत राहिलेले खोड एकाएकी उन्हात आले की त्याची साल भाजून तडकते. तीन वर्षांत विभागून ती करावी. कापलेल्या प्रत्येक जागी बोर्डो मलम लावावे : शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात, लोखंडाखेरीज अन्य भांड्यांत, वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे व त्याच दिवशी संपवावे. लिंबू-मोसंबीच्या खोडातून डिंक गळत असेल तर हेच मलम खोडास हातभर उंचीपर्यंत लावावे आणि पाणी बुंध्यास न लागता बाहेरच्या गोल चरीत राहील असे दुहेरी आळे करावे. जुन्या मोसंबीच्या अथवा गुलाबाच्या कलमाखालून जोमाने वाढणारे काटेरी धुमारे खुंटाचे असतात. ते मुळातून काढले नाहीत तर वरचे कलम उपाशी मरते.

सीताफळाचे जुने, झिंगरट झालेले झाड त्याहून सोपे. पानगळ होऊन गेल्यावर, माघ-फाल्गुनात, त्याची निम्मी जुनी लाकडे काढून टाकावीत. नव्या फुटीवर त्यास फळ धरते.

किडींविषयी दोनच गोष्टी सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड व धाराशिव या भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे पीक फस्त केल्याचे अनेकांस आठवत असेल. त्यांना दिवसा आश्रय देणारी जागा म्हणजे ओल्या विटांचे व पालापाचोळ्याचे ढीग, आणि ते ओसाड आवारातच असतात. सायंकाळी ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या वा चुन्याच्या दाट पाण्यात बुडवाव्यात. दुसरी हुमणी : वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगे तिन्हीसांजेस कडुलिंबावर व बाभळीवर उतरतात, त्याच वेळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर पुढे मुळे खाणाऱ्या अळ्यांची पिढीच कमी होते. हे काम गल्लीतील सर्वांनी एकाच आठवड्यात केले तर त्याचा खरा लाभ. ढीग उपसताना पायांत बूट असावेत, हात प्रथम न घालता काठीने उलथावे, आणि तेही दिवसाउजेडी. घोणस व मण्यार या दोघींचेही ते घर असते.

रोपे लावण्याची घाई मृगाच्या पहिल्या सरीवर करू नये. या भागात जूनच्या पावसानंतर पुष्कळदा दीर्घ उघडीप पडते. जमीन हातभर खोल ओली झाल्यावरच लावावे, आणि मुरमाड जागी श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबले तरी बिघडत नाही. त्यापूर्वी, उन्हाळ्यातच, मातीची तपासणी करून घ्यावी : आवारात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीत-सव्वा वीत खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूची माती खरडावी, एकत्र करून सावलीत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अर्धा किलोपर्यंत आणावी, आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन सामू, विद्राव्य क्षार व चुनखडी यांचे प्रमाण विचारावे. बाटलीभर पाणीही सोबत न्यावे. जिप्सम घालावे की नाही, हे त्या कागदावरून ठरवावे. जेथे सोडियम अधिक आहे आणि पाण्यास निचरा आहे तेथेच ते गुणकारी, एरवी पैसे मातीत जातात.

ज्यांचे वास्तव्य पुण्या-मुंबईस आहे आणि आवार इकडे आहे, त्यांच्यासाठी शेवटची अडचण उरते ती माणसाची. झाडास पहिले दोन उन्हाळे कोणी तरी पाणी दिलेच पाहिजे, आणि सणावारी चार दिवस येणाऱ्या धन्याच्या हातून ते होणार नाही. शेजारच्या घरातील एखाद्या भाऊंशी किंवा मावशींशी स्पष्ट बोलून, उकिरड्याजवळची जागा त्यांना भाजीपाल्यासाठी द्यावी, पहिली पाच वर्षे सर्व फळे त्यांची असे ठरवावे, विजेचे व पाण्याचे बिल आपण भरावे, आणि हे सारे दोघांच्या सहीने एका कागदावर उतरवून ठेवावे, म्हणजे पुढे वहिवाटीचा वाद उद्भवत नाही. कोणत्या झाडास किती मडकी पाणी, कोणत्या महिन्यात आळे मोडावयाचे, याची यादी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून त्यांच्या हाती द्यावी.